बंबामागचा छंद, बंबापुढची वस्ती

आग विझवणे हा ज्यांचा व्यवसाय नाही, अग्निशमन दलाच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नाही आणि ज्यांच्या स्वतःच्या घरालाही आग लागलेली नाही, अशी काही माणसे बंबाची घंटा ऐकताच हातातले काम टाकून त्याच्या मागे निघतात, आगीच्या ठिकाणी तासन्‌तास उभी राहतात, कोणती तुकडी किती वाजता पोहोचली याची वहीत नोंद करतात आणि त्या वह्या आयुष्यभर जपतात. अमेरिकेत अशा माणसांना ‘बफ’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमधील स्वयंसेवी अग्निशामक फिकट पिवळसर, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘बफ’ म्हणतात त्या रंगाचे डगले घालीत, आणि त्यावरून आगीच्या नादी लागलेल्यांना हे नाव पडले, अशी या शब्दाची प्रचलित व्युत्पत्ती आहे. आज कोणत्याही विषयाच्या वेड्या चाहत्याला उद्देशून हा शब्द वापरला जातो, तो याच वाटेने आलेला आहे. बॉस्टनमध्ये याच मंडळींना ‘स्पार्क’, म्हणजे ठिणगी, असे म्हणतात. मराठीतला ‘बघ्या’ हा शब्द त्यांच्यासाठी तुच्छतेचा ठरेल आणि ‘अभ्यासक’ हा फार भारदस्त होईल, म्हणून येथे त्यांना ‘छांदिष्ट’ म्हटले आहे.

या छंदाचा सुवर्णकाळ म्हणून न्यूयॉर्कमध्ये जो काळ सांगितला जातो, तो साधारणपणे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा होय. साउथ ब्राँक्स, ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल आणि बुशविक, मॅनहॅटनमधील हार्लेम आणि लोअर ईस्ट साइड या वस्त्यांत त्या वर्षांत आगींचे प्रमाण इतके वाढले की दलातले लोक त्या काळाला ‘युद्धवर्षे’ म्हणू लागले, आणि हे नाव निवृत्त जवानांच्या आठवणींत व छांदिष्टांच्या बोलण्यात कायमचे रुजले. एकाला जी वर्षे भरभरून आठवतात त्याच वर्षांत दुसऱ्याचे घर जळाले असेल, तर त्या आठवणीचे मोल कसे करावे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. पुढील संवादात त्याविषयीचे दोन पक्ष मांडले आहेत. ‘छांदिष्ट’ हा त्या वर्षांत बंबांमागे फिरलेल्या पिढीचा प्रवक्ता असून ‘चिकित्सक’ हा शहराच्या इतिहासाची चिकित्सा करणाऱ्यांचा प्रवक्ता आहे. त्या दोन व्यक्ती नसून भूमिका आहेत. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्यावाचून उत्तरपक्षाने तोंड उघडू नये, हा शास्त्रीय वादाचा जुना संकेत शक्य तितका पाळला आहे.

छांदिष्ट : आगीभोवती जमणारी गर्दी आणि आगीमागे जाणारा छांदिष्ट यांत फरक आहे, आणि तो ज्ञानाचा आहे. गर्दी ज्वाळा पाहते, छांदिष्ट त्या विझवण्याची पद्धत पाहतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लाल गजरपेट्या असत. पेटीचा खटका ओढला की आतले किल्लीचे यंत्र सुरू होई आणि दाते असलेले चाक फिरता फिरता विजेचा प्रवाह ठरावीक वेळा तोडून त्या पेटीचा क्रमांक तारेने मुख्य कार्यालयाकडे पाठवी, आणि तेथून तो ठाण्याठाण्यातल्या घंटेवर वाजे. पेटीचा क्रमांक २७४३ असेल, तर दोन ठोके, विराम, सात ठोके, विराम, चार ठोके, विराम आणि शेवटी तीन ठोके. जाणत्या छांदिष्टाला आपल्या भागातल्या पेट्यांचे क्रमांक आणि त्यांचे कोपरे तोंडपाठ असत. पहिल्या अलार्मवर कोणत्या तुकड्या निघतील, आग आवरली नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या, अगदी पाचव्या अलार्मवर कुमक कुठून येईल आणि गेलेल्या तुकड्यांच्या रिकाम्या ठाण्यांत तात्पुरते कोण येऊन बसेल, हे सारे छापील पत्रकांत आधीच ठरलेले असे, आणि ती पत्रके छांदिष्टांच्या संग्रही असत. बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचे संचालक आर्थर फीडलर हे नावाजलेले छांदिष्ट होते, आणि न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया आगीची वर्दी कळताच स्वतः तेथे धावत, यावरून हा नाद केवळ रिकामटेकड्यांचा नव्हता हे दिसून येईल.

चिकित्सक : ज्ञानाबद्दल वाद नाही. मात्र या वर्णनात पेटी आहे, तार आहे, घंटा आहे, तुकड्या आहेत. खटका ओढणारा हात तेवढा नाही. तो हात कुणाचा होता आणि एकाच कोपऱ्यावर तो इतक्यांदा का ओढावा लागे, हा प्रश्न छंदाच्या कक्षेत येतो की नाही?

छांदिष्ट : येतो, आणि तो हात पुष्कळदा खोडसाळ पोराचा असे, हेही त्यासोबत नोंदवावे लागते. खोट्या वर्द्यांनी त्या दशकात दलाला हैराण केले होते, इतके की जुन्या यांत्रिक पेट्यांच्या जागी, बटण दाबून प्रत्यक्ष बोलता येईल अशा पेट्या बसवण्याचे काम त्याच काळात सुरू झाले. बंबांवर दगड आणि बाटल्या पडत, म्हणून जवानांच्या डोक्यावर छप्पर असलेली वाहने आणावी लागली. असे असूनही बंब प्रत्येक वर्दीला निघत होते, कारण कोणती वर्दी खरी हे कोपऱ्यावर पोहोचल्याखेरीज कळत नसे.

उदाहरणादाखल साउथ ब्राँक्समधील इंटरव्हेल अव्हेन्यूवरचे ठाणे घ्यावे. तेथे इंजिन कंपनी ८२ आणि लॅडर कंपनी ३१ या तुकड्या एकत्र असत. इंजिन कंपनी म्हणजे पंप आणि होजपाइप घेऊन पाणी मारणारी तुकडी. लॅडर कंपनी म्हणजे शिड्या, कुऱ्हाडी आणि आकडे घेऊन दारे फोडणारी, छपरे व खिडक्या उघडून धुराला वाट करून देणारी आणि आत अडकलेल्यांना शोधणारी तुकडी. एकीवाचून दुसरी लंगडी. वर्द्या इतक्या वाढल्या की १९६७ मध्ये याच ठाण्यात इंजिन ८५ ही आणखी एक तुकडी बसवावी लागली, तरीही इंजिन ८२ च्या फेऱ्या वर्षाला आठ-नऊ हजारांच्या घरात जात. या तुकडीतले जवान डेनिस स्मिथ यांचे ‘रिपोर्ट फ्रॉम इंजिन कंपनी ८२’ हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्याच वर्षी बीबीसीने या ठाण्यावर माहितीपट केला. पुस्तकाच्या आरंभीच एका खोट्या वर्दीवर निघालेल्या बंबावरून पडून मरण पावलेल्या जवानाची हकिकत आहे, यावरून ते पराक्रमाचे पोवाडे गाणारे पुस्तक नाही हे ध्यानात यावे. तथापि त्यात जे जग दिसते, म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री एका आगीवरून परतताना वाटेतच मिळणारी दुसरी वर्दी, मागच्या पायरीवर दांडी धरून उभे असलेले जवान, श्वसनयंत्र न लावता धुरात शिरणारे आणि खोकत बाहेर येऊन पुन्हा आत जाणारे लोक, ते पाहण्यासाठी छांदिष्ट शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत. कौशल्य पाहावे आणि त्याची आठवण ठेवावी, यात गैर काय?

चिकित्सक : गैर नाही, पण ज्या शब्दांत ती आठवण ठेवली जाते ते शब्द तपासून घ्यावे लागतात. दलाच्या बोलीत आगीला ‘जॉब’, म्हणजे काम, म्हणतात. सुताराला लाकडात काम दिसते तसे जवानाला आगीत दिसावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु राहत्या घराला काम म्हटले की त्यात राहणारा वाक्यातून बाहेर जातो. दुसरा शब्द ‘बिझी’, म्हणजे गजबजलेला. आजही न्यूयॉर्कच्या इंजिन कंपन्यांच्या फेऱ्या हजारोंनी मोजाव्या लागतात, कारण १९९० च्या दशकापासून त्या वैद्यकीय वर्द्यांनाही जातात. छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याच्या दारी तोच बंब, तीच घंटा, तेच जवान पोहोचतात. या फेऱ्यांना मात्र कोणी गजबज म्हणत नाही. तेव्हा ज्या गजबजीची हळहळ वाटते ती फेऱ्यांची नसून आगीची आहे, हे आधी मान्य करावे लागते, आणि मग आग का लागत होती याचा विचार टाळता येत नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून ज्या वस्त्यांत कर्ज देणे धोक्याचे मानले त्या लाल रंगात दाखवल्या. वस्तीकडे पाहून कर्ज नाकारण्याच्या या प्रथेला पुढे ‘रेडलायनिंग’ हे नाव मिळाले. जेथे गरीब, कृष्णवर्णीय आणि पुढे पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे राहत तेथे इमारतीच्या डागडुजीसाठीही कर्ज मिळणे दुरापास्त झाले. १९४८ पासून शहराचे बांधकाम-नियोजक रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेतला क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग भर वस्ती चिरीत गेला आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. उत्पन्न घटलेल्या इमारतींकडे मालकांनी पाठ फिरवली, म्हणजे जुनी वायरिंग बदलली गेली नाही, बिघडलेले बॉयलर दुरुस्त झाले नाहीत, आणि कडाक्याच्या थंडीत भाडेकरूंनी ऊब मिळवण्यासाठी शेगड्या आणि विजेचे हीटर पेटते ठेवले. त्यातच १९६८ मध्ये ‘फेअर प्लॅन’ नावाची तरतूद आली. खासगी विमा कंपन्या ज्या वस्त्यांत विमा उतरवीत नव्हत्या तेथे तो मिळावा, हा तिचा हेतू होता, परंतु पुष्कळ इमारतींच्या बाबतीत विम्याची रक्कम बाजारभावापेक्षा अधिक झाली, आणि काही मालकांना इमारत भाड्याने देण्यापेक्षा जळणे किफायतशीर वाटू लागले. इंटरव्हेल अव्हेन्यूची घंटा वाजू लागायच्या कितीतरी आधी आग तयार होत आली होती.

छांदिष्ट : यांपैकी एकही गोष्ट जवानाने केली नाही, मग छांदिष्टाने कुठून करावी? नकाशे रंगवणारे आणि विम्याचे पैसे उचलणारे वेगळे होते. त्या घरांच्या जिन्यांवरून रांगत वर जाणारे वेगळे होते. १७ ऑक्टोबर १९६६ रोजी मॅनहॅटनमध्ये तेविसाव्या रस्त्याजवळच्या आगीत इमारतीची जमीन खचून १२ जवान मरण पावले, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ जण गेले तोवर दलाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी हानी होती. २ ऑगस्ट १९७८ रोजी ब्रुकलिनमधल्या एका सुपरमार्केटचे छप्पर कोसळून ६ जण गेले. छांदिष्टांनी या नावांची स्मृती जितक्या निष्ठेने जपली, तितकी शहराने क्वचितच जपली असेल. शिवाय हा नाद अगदीच निरुपयोगी नव्हता. आगींच्या ओढीने दलाकडे आलेले डॉक्टर हॅरी आर्चर हे त्याचे मानद वैद्यकीय अधिकारी झाले आणि त्यांच्या नावाने दिले जाणारे शौर्यपदक आजही दलात मानाचे समजले जाते. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फायर बेल क्लब’सारख्या मंडळांनी दलाच्या इतिहासाची साधने गोळा केली. पाहणारा प्रत्येक जण तटस्थ चैनबाज असतो, असे गृहीत धरू नये.

चिकित्सक : शौर्य मान्य, निष्ठाही मान्य. आक्षेप ‘युद्धवर्षे’ या नावाला आहे. युद्ध म्हटले की शत्रू हवा, आणि धूर हा काही शत्रू होऊ शकत नाही, कारण त्याला हेतू नसतो; मग ती रिकामी जागा नकळत वस्ती भरून काढते. ज्या दलात तेव्हा गोऱ्यांचे प्रचंड बहुमत होते, ज्यातील कृष्णवर्णीय जवानांना १९४० मध्येच ‘व्हल्कन सोसायटी’ ही आपली स्वतंत्र संघटना उभारावी लागली होती आणि ज्यात १९८२ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता, ते दल रोज रात्री कृष्णवर्णीयांच्या व पोर्तोरिकनांच्या वस्तीत उतरत होते, आणि त्या मोहिमेला युद्ध म्हटले जात होते. या शब्दाचे परिणाम शब्दापुरते राहिले नाहीत. १९७० मध्ये सल्लागार डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाठवलेल्या टिपणात वांशिक प्रश्नाकडे काही काळ ‘सौम्य दुर्लक्ष’ करावे असे सुचवले, आणि त्याच टिपणात झोपडवस्त्यांतल्या आगी हे सामाजिक विकृतीचे लक्षण मानले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे गृहनिर्माण प्रशासक रॉजर स्टार यांनी ‘नियोजित आकुंचना’ची कल्पना मांडली, म्हणजे ओस पडत चाललेल्या वस्त्यांतील सार्वजनिक सेवा हळूहळू काढून घ्याव्यात आणि उरलेला पैसा टिकू शकणाऱ्या वस्त्यांवर खर्च करावा. जळणारा स्वतःच जाळतो, असे एकदा ठरले की त्याला पाणी देणे हा अपव्यय वाटू लागतो.

छांदिष्ट : या धोरणाचा फटका ठाण्यांनाही बसला, हे विसरू नये. १९७२ पासून ज्या तुकड्या बंद झाल्या त्यांत सर्वाधिक वर्द्या असलेल्या वस्त्यांतल्याही होत्या. १९७५ च्या जुलैमध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा हजाराहून अधिक जवानांना कामावरून कमी केले गेले, आणि त्यांपैकी काहींनाच लगेच परत घेतले. १३ जुलै १९७७ च्या रात्री सारे शहर अंधारात बुडाले आणि हजाराहून अधिक आगी लागल्या, तेव्हा त्या विझवायला कमी माणसे आणि कमी बंब उरले होते. आपण ज्यांना वस्तीचे विरोधक ठरवू पाहता ते जवान आणि ती वस्ती, दोघांवरही एकाच कात्रीने वार केला.

चिकित्सक : ही दुरुस्ती योग्य आहे आणि ती स्वीकारली पाहिजे. मात्र ती कात्री कशी चालली हे पाहिले, तर छंदाच्या दृष्टीतली एक खोट तिच्यातही सापडते. महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत, १९६९ मध्ये, रँड या संशोधन संस्थेच्या सहकार्याने शहरासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि दलाचे प्रमुख जॉन ओ’हेगन यांच्या पाठिंब्याने तिने अग्निशमनाचे गणिती प्रारूप तयार केले. प्रारूप म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची आकड्यांत केलेली प्रतिकृती. त्यातले एक सूत्र असे की बंबाला तोडावे लागणारे सरासरी अंतर हे क्षेत्रफळाला उपलब्ध तुकड्यांच्या संख्येने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणून एखाद्या भागातल्या तुकड्या निम्म्या केल्या तरी अंतर दुप्पट होत नाही, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. सूत्र सुरेख होते, आणि या गणितातल्या कामाला त्या शास्त्रातले मानाचे पारितोषिकही मिळाले. पण त्यात मुख्यतः मोजली गेली ती बंब पोहोचण्याची वेळ, कारण ती घड्याळाने मोजता येत होती. दाट लोकवस्तीच्या जुन्या भागांत ठाणी एकमेकांजवळ असल्यामुळे तेथून एखादी तुकडी काढली तर पोहोचण्याची वेळ कागदावर फारशी वाढत नव्हती, आणि या न्यायाने जेथे आगी सर्वाधिक तेथल्याच तुकड्या जादा ठरल्या. ज्या इमारतीत पहिली आग लागली तिची डागडुजी झाली का, दुसरी आग शेजारच्या घरात केव्हा शिरली, तिसऱ्या आगीनंतर त्या गल्लीत कोण राहायला उरले, हे सूत्राने विचारले नाही.

आता छांदिष्टाची वही उघडावी. तिच्यात वेळ, पेटीचा क्रमांक, आलेल्या तुकड्या आणि अलार्मची संख्या असे रकाने असतात. गणितज्ञाने बंबांच्या वेळा मोजल्या आणि छांदिष्टाने बंबांच्या फेऱ्या मोजल्या. एकाने बंब कमी करण्यासाठी आणि दुसऱ्याने बंबांच्या प्रेमापोटी. मोजमाप दोघांनीही ठाण्याच्या दारापासून सुरू केले.

छांदिष्ट : हा आघात वर्मी लागणारा आहे, आणि त्याचे उत्तर देताना आधी त्यातले सत्य मान्य करावे लागेल. तरीही त्या वहीची किंमत अशाने संपत नाही. न्यूयॉर्क शहराने घरपट्टीसाठी प्रत्येक इमारतीचे छायाचित्र दोनदा काढले आहे. एकदा १९४० च्या सुमारास आणि पुन्हा १९८० च्या दशकात. साउथ ब्राँक्समधील कित्येक पत्त्यांवर पहिल्या छायाचित्रात पाच मजल्यांची इमारत दिसते, खिडक्यांत पडदे दिसतात, तळमजल्यावर दुकान दिसते. दुसऱ्या छायाचित्रात त्याच पत्त्यावर विटांचे तुकडे आणि गवत दिसते. शहराने मधल्या काळात काय झाले त्याचे छायाचित्र काढले नाही. ते काढणारे हौशी लोक होते, जे रात्री दोन वाजता गळ्यात कॅमेरा अडकवून त्या कोपऱ्यावर उभे होते. आपल्या हेतूबद्दल ते काहीही म्हणोत, त्यांच्या नोंदींत तारीख आहे, वेळ आहे आणि कोपरा आहे. आज जो अभ्यासक आगींचा माग घराघरापर्यंत नेऊ पाहतो त्याच्या हाती या नोंदींपेक्षा नेमके साधन क्वचितच लागेल.

चिकित्सक : साधन म्हणून त्यांचे मोल निःसंशय आहे, आणि हे श्रेय छंदाला द्यावेच लागेल. पण ते साधन पूर्ण व्हायचे तर त्याच्या शेजारी दुसरी एक नोंद ठेवावी लागते. १९७० च्या जनगणनेत ब्राँक्सची लोकसंख्या १४,७१,७०१ होती आणि १९८० मध्ये ती ११,६८,९७२ झाली, म्हणजे दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे तेथून गेली. बाहेरच्यांनी हे दृश्य पाहिले ते दुरूनच. ५ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवरच्या ढिगाऱ्यांतून चालले, आणि आठवड्याभराने, १२ ऑक्टोबरला, यांकी स्टेडियममधला बेसबॉल सामना दाखवणाऱ्या दूरचित्रवाणीच्या हवाई कॅमेऱ्याने जवळच जळणारी इमारत देशभर दाखवली. ‘ब्राँक्स जळत आहे’ हे वाक्य समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी तेव्हा उच्चारले असे सर्रास सांगितले जाते; प्रत्यक्षात त्या नेमक्या शब्दांत ते बोललेच नव्हते, पण दुरून पाहणाऱ्यांच्या स्मृतीने ते त्यांच्या तोंडी घातले. ज्यांनी जळत्या वस्तीतच राहायचे ठरवले त्यांची स्मृती वेगळी आहे. त्याच १९७७ मध्ये केली स्ट्रीटवरच्या रहिवाशांनी पाडण्यासाठी नेमलेल्या इमारती वाचवून स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतल्या आणि ‘बनाना केली’ ही संस्था उभी केली. रस्ता केळ्यासारखा वळलेला आहे म्हणून हे नाव. आणि ज्या मुली तेव्हा त्या वस्तीत वाढत होत्या त्यांच्यापैकी व्हिव्हियन व्हाझ्केझ इरिझारी यांनी पुढे ‘डिकेड ऑफ फायर’ या माहितीपटाच्या सहदिग्दर्शक म्हणून तीच वर्षे आतून सांगितली. या कथनात बंब येतो. फक्त तो कथेच्या मध्यावर येतो, आरंभी येत नाही.

आता एक रोखठोक प्रश्न विचारणे भाग आहे. ती वर्षे परत यावीत असे छांदिष्टाला वाटते काय?

छांदिष्ट : नाही, असे पटकन म्हणणे सभ्यपणाचे होईल, पण ते पुरते खरे ठरणार नाही. ज्याने विशीत ती घंटा ऐकली त्याला तिच्याबरोबर आपली विशीही ऐकू येते, आणि विशी परत यावी असे कुणाला वाटत नाही? हा मोह कबूल करावा. त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये. अग्निशमन हे मुळातच असे कौशल्य आहे की ते जितके यशस्वी व्हावे तितके पाहायला कमी मिळते. धूर ओळखणारी यंत्रे घराघरांत लागली, वायरिंग सुधारली, पडक्या इमारती दुरुस्त झाल्या किंवा गेल्या, आणि ठाण्यातल्या रात्री शांत होत गेल्या. ज्या जवानांनी दहा वर्षांत आयुष्यभराच्या आगी पाहिल्या त्यांनी धुराची चाल, जिन्याचा भरवसा आणि छपराची कुरकुर ओळखण्याची विद्या पुढच्यांना दिली, आणि ती विद्या वापरण्याचे प्रसंग विरळ व्हावेत हेच तिचे साफल्य होते. त्याबद्दल समाधान वाटते, आणि समाधानाबरोबर हुरहुरही वाटते. दोन्ही एकाच माणसात नांदतात.

चिकित्सक : हुरहुर लपवून ठेवण्यापेक्षा ती अशी उघडपणे मांडलेली बरी. तिच्याकडून अपेक्षा एवढीच आहे की तिने आपला पत्ता विसरू नये.

संवाद येथे थांबतो. एका पक्षाने दुसऱ्याला पूर्णपणे खोडून काढले असे म्हणता येत नाही, परंतु दोघांच्याही आरंभीच्या भूमिका जागच्या हललेल्या आहेत. छांदिष्टाच्या बाजूने हे सिद्ध झाले की नादातून जमलेले ज्ञान हे ज्ञानच असते, आणि शहराच्या कागदपत्रांत जे राहून गेले ते कधीकधी हौशी माणसाच्या वहीत सुरक्षित राहते. चिकित्सकाच्या बाजूने हे सिद्ध झाले की ‘काम’, ‘गजबज’ आणि ‘युद्ध’ हे तिन्ही शब्द ठाण्याच्या दारात उभे राहून पाहणाऱ्याचे आहेत, आणि त्या दारातून दिसणारे दृश्य खरे असले तरी ते पुढच्या अर्ध्या कथेपुरतेच खरे असते.

या स्मृतिरंजनावरचा उपाय त्यामुळे विस्मरण हा ठरत नाही. जुन्या वहीत एक रकाना वाढवणे, हा तो उपाय आहे. कार्टर ज्या शार्लट स्ट्रीटवर ढिगाऱ्यांतून चालले तेथे १९८० च्या दशकात ‘शार्लट गार्डन्स’ नावाची बैठ्या घरांची वसाहत उभी राहिली. जेथे पाच-पाच मजल्यांच्या चाळवजा इमारती एकमेकींना खेटून होत्या तेथे आता कुंपण, हिरवळ आणि दारापुढे मोटार लावण्याची जागा असलेली घरे आहेत. एखादा वृद्ध छांदिष्ट तेथे गेला, तर कोणत्या कोपऱ्यावर कोणत्या क्रमांकाची पेटी होती आणि तिच्या ठोक्यांवर कोणत्या तुकड्या निघत, हे तो न चुकता सांगू शकेल. त्या कोपऱ्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर कोण राहत होते आणि ते पुढे कुठे गेले, हे त्याला सांगता यावे यासाठी लागणारी माणसे अजून हयात आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन ते विचारण्याइतकी चिकाटी, घंटेचे ठोके मोजण्यात ज्यांनी रात्रीच्या रात्री घालवल्या, त्यांच्यापाशी नक्कीच आहे.